वर्कशॉपमधली मजा बुधवारपर्यंत का टिकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई बाणेरला राहतात, मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करतात. गेल्या वर्षा-दीड वर्षात शनिवार-रविवार धरून त्यांनी कुंभारकाम, ब्लॉक प्रिंटिंग, मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं विणकाम) आणि वह्या बांधणं अशी चार वर्कशॉप केली. दर वेळी घरी येताना खुशीत आल्या, फोटो टाकले, आईला वस्तू दाखवली आणि बुधवारपर्यंत सगळं ओसरलं. चारही किट कपाटात पडून आहेत. शिवाय लहान मुलांसाठी एक चित्रगोष्ट त्यांनी अर्धी करून ठेवली आहे, ती पुढे सरकत नाही. त्यांचं विचारणं असं, की यातली ‘आपली’ कला कोणती हे ओळखायचं कसं? वस्तू विकायला काढल्या तर सातत्य येईल का? आणि हे हातकामाचं वेड गोष्टीचा वेळ खातंय का?

मी बायंडर आहे. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझं काम चालतं. जुन्या पुस्तकांची दुरुस्ती, प्रबंधांची बांधणी, कोणाला लग्नपत्रिकांचा अल्बम, कोणाला आजोबांच्या डायऱ्या नव्यानं बांधून हव्या असतात, असलं सगळं. आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मी वह्या बांधायचं वर्कशॉपही घेतो. तेव्हा पुढे वर्कशॉपबद्दल जे बोलणार आहे, ते त्या धंद्यातल्याच माणसाचं बोलणं आहे हे ध्यानात असू द्या.

कोणती कला ‘आपली’ हा प्रश्न मला इथे मुख्य वाटत नाही. चार वेगवेगळ्या कामांत एकच अनुभव आला असेल, तर घोटाळा त्या कामांत नसणार. चारही ठिकाणी सारखं काय होतं ते बघायला हवं.

माझ्याकडचंच सांगतो. रविवारी लोक यायचे असले की शनिवारी रात्री मी कागद कापून ठेवतो, तंतूंची दिशा बघून. पुठ्ठे काटकोनात कापून ठेवतो. भोकं कुठे पाडायची त्याची पट्टी तयार असते, दोऱ्याला मेण लावलेलं असतं, खळ शिजवून गाळून डब्यात भरलेली असते. आलेल्या माणसानं घड्या घालायच्या, पट्टी ठेवून टोचायचं, मी दाखवतो तसं शिवायचं आणि चहा प्यायचा. तीन तासांनी प्रत्येकाच्या हातात वही असते. एकही वही बिघडत नाही, कारण बिघडायच्या सगळ्या जागा मी आदल्या रात्रीच बुजवून टाकलेल्या असतात. यात फसवणूक नाही. तीन तासांत याहून वेगळं काही जमणं शक्य नसतं, आणि रिकाम्या हातानं घरी जायला कोणालाच आवडत नाही. पण त्या वहीत जे काही ठरवायचं होतं ते सगळं मी ठरवलेलं असतं. तुम्हाला त्या दिवशी जो आनंद झाला तो खराच होता: नवं काही बघितल्याचा, चार माणसांत बसल्याचा, फोन तीन तास बाजूला राहिल्याचा. असा आनंद बुधवारपर्यंत टिकला तर पुष्कळ टिकला म्हणायचा.

हाताने वस्तू करण्यातला दुसरा एक आनंद असतो. तो सामानाशी झटताना मिळतो, आणि त्याला वेळ लागतो. त्याचं एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण तपशिलाशिवाय हे सगळं नुसतं गोड बोलणं होईल.

समजा, तुम्ही घरी एकट्यानं वही बांधायची ठरवलीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून ए-फोर कागदाचं पुडकं आणलंत, कागद मधोमध दुमडले, चार-चार कागद एकात एक घालून त्यांचे जुज, म्हणजे गठ्ठे, केले, शिवले, पुठ्ठा लावला. वही दिसायला बरी होते. पण टेबलावर उघडून ठेवली की पानं ताठ उभी राहतात, हातानं दाबून धरावी लागतात. पावसाळ्यात पाठीजवळ पानांना लाटा येतात. असं का होतं? यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले तंतू बहुतांशी यंत्राच्या चालीच्या दिशेनं लोळतात. त्या दिशेनं कागद सहज वळतो, सरळ फाटतो. आडव्या दिशेनं तो अडून बसतो, फाडला तर वाकडातिकडा फाटतो. ओलावा लागला की तंतू जाडीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त पसरतो. बाजारातल्या ए-फोर कागदात तंतू बहुधा २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूला समांतर असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना छेदून जाते. वहीला हवं ते नेमकं उलट: तंतू पाठीला समांतर.

हे वाचून समजतं, पण उपयोग होत नाही. उपयोग कधी होतो सांगतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागदवाल्यांकडे जा, मोठ्या आकाराचा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, मागा, ऐंशी जीएसएमच्या (चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. कागद न दुमडता एका बाजूनं हलकेच गोल वळवा आणि तळहातानं दाबून बघा, मग दुसऱ्या बाजूनं. एका बाजूनं तो लगेच मान तुकवतो, दुसऱ्या बाजूनं हाताला परत ढकलतो. पहिल्या वेळी फरक कळतच नाही. दुकानदार वैतागून बघतो, मागचं गिऱ्हाईक घसा खाकरतं. पाच-सात वेळा केलं की शंका येऊ लागते, आणि मग एक दिवस कागद नुसता उचलल्यावरच कळतं. त्या दिवशी जे होतं, त्यासाठी मी हे काम करतो असं म्हणायला हरकत नाही. डोक्यात एखादी गोष्ट उमगल्याचा आनंद असतोच, पण इथे बोटांना उमगलेलं असतं आणि डोकं मागाहून येतं. ते ज्ञान दुसऱ्या कोणी रविवारी तुमच्यासाठी करून ठेवू शकत नाही.

हातकागदाचं गणित आणखी निराळं. तो करताना जाळीची चौकट लगद्याच्या हौदात बुडवून वर काढतात आणि दोन्ही दिशांनी हलवतात, त्यामुळे तंतू सगळीकडे विखुरतात आणि ठळक अशी दिशा उरत नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० साली निघाली. भारतीय संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीला जो कागद वापरला, तो पुण्यातला हातकागद. नवशिक्यानं हातकागद घेतला तर तंतूंची चिंता मिटते, पण तो जाड आणि खरबरीत असतो, घडीपाशी फुगतो, आठ जुज शिवले की पाठ पोटापेक्षा, म्हणजे उघडायच्या कडेपेक्षा, जाड होऊन बसते. म्हणजे एक अडचण जाते आणि दुसरी समोर येते. मला विचाराल तर गंमत त्या दुसऱ्या अडचणीतच आहे.

खळीचंही तेच. बरेच लोक सरसकट फेव्हिकॉल वापरतात आणि वहीच्या पाठीला तो चांगलाच. लवचीक राहतो, पकड घट्ट. पण कापड पुठ्ठ्यावर बसवताना तो पटकन धरतो, सुरकुती पडली की पडली. मैद्याची खळ सावकाश वाळते, कापड सरकवता येतं, आणि पन्नास वर्षांनी कोणाला ते पुस्तक दुरुस्त करायचं झालं तर पाण्यानं सुटते. जुने बायंडर खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर तो नाद करू नका. लागेल तेवढीच खळ करा आणि उरलेली फेकून द्या. खळ किती घट्ट हवी याचं माप मी सांगू शकत नाही, कारण ते ऋतूवर आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत ती ब्रशवरच आटायला लागते, तेव्हा पातळ बरी. जुलैत तीच खळ पुठ्ठ्यात पाणी मुरवत बसते आणि दाबातून काढलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी ताटलीसारखा वाकतो. पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला तर आतून अस्तराचा कागद लागायचा आहे हे लक्षात घ्या. ओला कागद वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ. ही ओढाताण आधी ओळखून कापड आणि अस्तर निवडणं जमायला लागलं की बांधणी खऱ्या अर्थानं हातात येते.

आता शिवण. तीत मी सगळ्यात कमी बोलतो आणि ती शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोरा ज्या दिशेनं टाका चाललाय त्याच दिशेनं, पाठीला समांतर ओढायचा. उलट ओढला तर भोकापाशी कागद फाटतो. ढिला सोडला तर जुज हलतात, फार ताणला तर वही शिवतानाच आकसते. किती ओढायचं? दोरा ‘बसला’ असं वाटेपर्यंत. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही, आणि ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांनाही येत नव्हतं. ते नुसते हात पुढे करून माझा दोरा ओढून दाखवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: वर्कशॉपमध्ये वस्तू मिळते, सामानाची ओळख मिळत नाही, ती एकच वस्तू परत परत केल्यावर मिळते, आणि टिकणारी मजा त्या ओळखीत आहे. तुम्ही दीड वर्षात चार कामांची पहिली वस्तू केलीत. एका कामाची चौथी वस्तू अजून केलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, परत परत तेच करणं म्हणजे कंटाळा. कसबा पेठेत तांबट आळीत एकदा दुपारी जाऊन उभे राहा. आळी शोधायला पत्ता लागत नाही, ठोके ऐकू येतात. तांब्याच्या भांड्यावर एकाशेजारी एक ठोके देत जाणं, त्याला मठारकाम म्हणतात. बघणाऱ्याला ते चकाकणारे चट्टे म्हणजे नक्षी वाटते. पण तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा ठोक्यांनी कडक होत जातो; भांड्याला ताकद येते ती तिथूनच. ठोकणाऱ्याला प्रत्येक ठोक्यागणिक पत्रा वेगळा लागतो, आवाज बदलतो, आणि त्याप्रमाणे पुढचा ठोका पडतो. बाहेरून एकसारखं दिसणारं काम आतून एकसारखं नसतं. कंटाळा येतो तो सामान काही बोलत नसेल तर, किंवा ते बोलतंय ते अजून ऐकू येत नसेल तर. दुसऱ्याला वेळ हेच औषध. पहिल्याला मात्र काम बदलणंच बरं.

तेव्हा ‘कोणतं काम’ या प्रश्नाकडे येऊ. हे बरंचसं परिस्थितीवर आहे. कुंभारकाम फार सुंदर, पण चाक आणि भट्टी दुसऱ्याकडे. तुम्हाला जेव्हा हात चालवावासा वाटेल तेव्हा तिथे जाता येणार नाही, आणि बाणेरहून येण्या-जाण्यात अर्धी हौस फिटेल. जवळ कुठे महिन्याच्या बोलीवर चाक वापरायला मिळत असेल तर विचार वेगळा. ब्लॉक प्रिंटिंगला लांब टेबल, धुण्याला जागा आणि रंगांचे डाग सोसणारी घरची माणसं लागतात. मनगट दुखत असेल, आणि दिवसभर माऊस धरणाऱ्यांचं बऱ्याचदा दुखतं, तर पुठ्ठे हातानं कापणं टाळा, कापून आणा. फ्लॅटमध्ये रात्री ठोकाठोक चालत नाही, हेही आलंच.

मी लोकांना विचारतो ते एवढंच. हे काम अर्धवट टाकून उठता येतं का? कारण नोकरी करणाऱ्या माणसाला सलग चार तास मिळत नाहीत, वीस मिनिटं मिळतात. सामान इतकं स्वस्त आहे का, की बिघडलं तर छाती धडधडणार नाही? महागडा इटालियन कागद आणलात की हात आखडतो. रद्दीत निघालेल्या कोऱ्या कागदावर तो मोकळा चालतो. आणि झालेली वस्तू तुम्ही स्वतः रोज वापराल का? वापरताना वस्तूचे दोष आपोआप दिसतात, आणि पुढची वस्तू कशी करायची ते तिथून कळतं. घरी कोणी गोधडी शिवणारं असेल तर त्यांच्याजवळ बसा. गोधडी या तिन्ही प्रश्नांत पहिल्या नंबरानं पास होते: जुन्या साड्या, साधा धावदोरा, घडी करून बाजूला ठेवली की दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. तिला वर्कशॉपची आणि किटची गरज कधी पडली नाही.

एक दुपार बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही घालवा. दिनकर केळकर कवी, ‘अज्ञातवासी’ नावानं लिहीत. आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. देवळातल्या मोठ्या मूर्तींपेक्षा तिथे घरातल्या वस्तू बघण्यासारख्या आहेत: दिवे, अडकित्ते, कंगवे, कुलपं. सुपारी कापायला एवढा नटवा अडकित्ता कशाला, असं वाटतं. बघत राहा. आपला डोळा कशावर थबकतो, लाकडावर, धातूवर की कापडावर, याची नोंद घ्या. कोणतं सामान आपल्याला बोलावतंय हे जाहिरातीतल्या कोर्सपेक्षा तिथे लवकर कळेल.

विकण्याबद्दल मी जरा सावध आहे, जरी माझं स्वतःचं पोट विकण्यावरच चालतं. आधी हिशोब बघा. हाताने शिवलेली, कापडी पुठ्ठ्याची ए-फाइव्ह आकाराची वही. सामान समजा १८० रुपये, वेळ नवशिक्याला चार तास. ५०० रुपयांना विकली तर तासाला ८० रुपये सुटले. त्यात फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, पार्सल बांधणं धरलेलं नाही. मग मनात येतं, वेळ कमी करू. आणि वेळ कमी करायचा म्हणजे दहा वह्या एकदम, एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या, ठरल्या तारखेला. हे करायला हरकत नाही. मी रोज करतो. पण त्यात शिकायची जागा कमी होते, कारण गिऱ्हाईकाला काल होती तशीच वही हवी असते. तुमचा हात अजून ‘हे असं करून बघू का’ या टप्प्यावर आहे. ऑर्डर नेमकं तेवढंच बंद पाडते. नव्या शिकाऊ माणसाला मी पहिले काही महिने गिऱ्हाईकाचं काम देतच नाही. दिलं तर तो घाबरून एकच पद्धत धरून बसतो आणि मग ती सोडवत नाही.

हा पेच नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. मुलांनी हाताच्या उद्योगातूनच शिकायचं, सूत कातता कातता गणित, भूगोल. त्यातच त्यांचा आग्रह असा, की मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा. वाद सगळ्यात जास्त झाला तो याच मुद्द्यावर: मुलांचं शिकणं मागे पडून शाळेचा कारखाना होईल का? दोन्ही बाजूंना शहाणी माणसं होती. मी कोणत्या बाजूला हे तुमच्या लक्षात आलं असेलच, निदान पहिल्या वर्षापुरतं तरी.

सातत्य हवं म्हणून विकायचं, या म्हणण्यात मला आणखी एक शंका आहे. दिवाळीत इथली पोरं अंगणात, पार्किंगमध्ये किल्ले करतात. दगड, माती, पोती, वर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. किती भांडणं, किती चिखल, आणि आठवड्याभरात सगळं मोडायचं. त्यांना सातत्यासाठी कोणी गिऱ्हाईक लागत नाही. पुढच्या वर्षी बुरूज कुठे ढासळला होता ते त्यांना आठवत असतं, म्हणून ती परत करतात. (हल्ली रस्त्यावर तयार किल्ले विकत मिळतात. आईबापांची सोय होते, दुसरं काही नाही.) तुम्हालाही परत टेबलाशी आणील ती मागच्या वहीत राहिलेली खोट. ‘या वेळी पाठ गोल का झाली नाही’ हा प्रश्न डोक्यात घेऊन झोपलात की सकाळी उठवायला लागत नाही. भेट म्हणून द्या, खुशाल द्या. मित्राला वही दिलीत तर सहा महिन्यांनी ती बघायला मागा. कुठे सुटली, कुठे मळली, तो ती वापरतो की नुसती ठेवून दिली आहे, ते बघा. ही माहिती पाचशे रुपयांपेक्षा जास्त कामाची आहे.

राहिला गोष्टीचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमचा खरा जीव त्यात अडकलाय. हातकाम लिहिण्याचा वेळ खातं का? कधी खातं, कधी देतं. शिवण हातात बसली की डोकं मोकळं सुटतं. टाके चालू असताना मनात वाक्यं येतात असं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या लिहित्या लोकांनी बऱ्याच वेळा सांगितलंय. पण हेही बघितलंय, की गोष्ट अडली की लोक नवीन कागद आणायला अप्पा बळवंत चौकात जातात, आणि महिनाभर कागदच आणत राहतात. ओळखायची खूण साधी आहे. वीस मिनिटं शिवून उठल्यावर लिहायच्या टेबलाकडे पाय वळतात, की अजून एखादं ट्युटोरियल बघावंसं वाटतं? दुसरं होत असेल तर आठवडाभर दाभण बाजूला ठेवा. मनाला उगाच बोल लावत बसू नका, नुसतं ठेवा.

आणि स्क्रीन वाईट, हात चांगला असं जे सारखं बोललं जातं, त्यात पडू नका. माझी निम्मी कामं आधी संगणकावर आखली जातात. तुमचा डिझाइनचा डोळा इथे फार उपयोगी पडेल. समास किती सोडायचा, काय कुठे ठेवायचं हे तुम्हाला बहुतेकांपेक्षा चांगलं कळतं.

तुमच्या बाबतीत तर हे दोन्ही वेगळे ठेवायचं कारणच मला दिसत नाही. तुमची चित्रगोष्ट आहे ना? चित्रपुस्तकं साधारण ३२ पानांची असतात, कारण छपाईचा कागद दुमडला की पानं आठ-सोळाच्या पटीत पडतात. आठ कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा, घडीत तीन भोकं पाडा आणि एकाच दोऱ्यानं शिवून टाका. झालं ३२ पानांचं कोरं पुस्तक, अर्ध्या तासात. शीर्षकाचं पान, माहितीची आणि अर्पणाची पानं गेली की समोरासमोरची साधारण १४ जोडपानं उरतात. त्यात पेन्सिलीनं तुमची गोष्ट भरा. चित्रं काढू नका, नुसतं ‘इथे मांजर खिडकीत’ असं लिहा. मग उलटत वाचा. स्क्रीनवर गोष्ट सरकत जाते. पुस्तकात पान उलटावं लागतं, आणि उलटण्याआधी मूल क्षणभर थांबतं. ‘पिशवीत काय होतं?’ हे उजव्या पानाच्या शेवटी आलं तर मूल स्वतःच पान ओढेल. डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तर समोरासमोर आलं तर मजा गेली. अशी डमी करणं ही चित्रपुस्तकं करणाऱ्यांची जुनी रीत आहे. गोष्ट कुठे लांबली, कुठे दोन पानांत कोंबली गेली, कुठे काहीच घडत नाही हे हातात धरल्यावर जेवढं लख्ख दिसतं तेवढं फाइलमध्ये दिसत नाही. माझा अंदाज असा, की तुमची गोष्ट जिथे अडली आहे ती जागा तुम्हाला पहिल्या नाहीतर दुसऱ्या डमीत सापडेल. सापडली नाही, तर निदान आठ कागद दुमडून तंतूंची दिशा तरी कळेल.

दुसऱ्या डमीला कागद बदला. तिसरीला आकार बदला, आडवं पुस्तक करून बघा. चौथीला पुठ्ठा लावा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं हे कळणार नाही. सगळ्या डमी ठेवून द्या, मागच्या पानावर तारीख आणि कागदाचं नाव लिहून.

आता कपाटातली किट. ब्लॉक प्रिंटिंगच्या किटमधले रंग सुकले नसतील तर ठेवा, वहीच्या कापडावर पुढे छापता येईल. मॅक्रमेचा दोरा शिवणीला जाड पडेल, तो बायंडिंगला वापरू नका, भाचीला द्या. मातीचं जे काही असेल ते ज्या स्टुडिओतून आणलं तिथे परत घेतात का विचारा. बायंडिंगच्या किटमधली दाभण आणि सुया चांगल्या असतात, त्या काढून घ्या. त्यात आलेला आधीच कापलेला, आधीच टोचलेला कागद मात्र खरेदीची यादी लिहायला वापरून टाका. सुरुवातीला लागेल ते एवढंच: सुई, दाभण, जाड सुती दोरा, मेणाचा तुकडा, पोलादी पट्टी, कटर, आणि घडी दाबायला एखादी गुळगुळीत हाडाची किंवा बांबूची पट्टी. दाबायला शिकंजा घेऊ नका, दोन सपाट फळ्या आणि वर पाटा किंवा जाड शब्दकोश पुरे. पावसाळ्यात दाब एका रात्रीऐवजी दोन रात्री राहू द्या, आणि कागद घ्यायला कोरड्या दिवशी जा. दुकानात गर्दी असेल शनिवारी संध्याकाळी. मंगळवार-बुधवारी दुपारी गेलात तर दुकानदार कागद वळवून बघू देतो.

तिसऱ्या-चौथ्या डमीनंतर अडलात तर ती घेऊन या. रविवारी वर्कशॉप असतं, त्या गडबडीत बोलणं व्हायचं नाही. इतर कुठल्याही दिवशी चार वाजल्यानंतर मी असतो.